मल्टिमीटर २३० दाखवतो, दिवा मात्र लागत नाही: घरच्या वायरिंगमधल्या विचित्र व्होल्टेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बोर्डात ११० येतंय, काय करू?' अशा धर्तीचे प्रश्न सतत येतात. त्यांचं उत्तर देता येत नाही, कारण व्होल्टेज नेहमी दोन टोकांमध्ये असतं. ते फेज-न्यूट्रलमधलं आहे, फेज-अर्थमधलं की न्यूट्रल-अर्थमधलं, आणि मोजताना त्या लाइनवर काय चालू होतं, एवढं कळलं की निम्मा दोष तिथेच सापडतो.

खाली जिथे स्क्रू, जॉइंट किंवा बोर्ड उघडायला सांगितलंय तिथे आधी मेन स्विच बंद करायचा. टेस्टर चालू जागी पेटतो हे बघायचं, कामाच्या जागी लावायचा आणि पुन्हा चालू जागी बघायचा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला तर 'लाइन बंद आहे' हा समज जिवावर बेततो. वीज मीटर, त्याचं सील आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर हे वीज कंपनीचं काम आहे. तिथे हात घालू नका.

१. घरात नेमकं किती व्होल्टेज यायला हवं? कधी २१८ दिसतं, कधी २४२.

दोन्ही ठीक आहेत. आपल्याकडे सिंगल फेजला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ धरतात आणि लघुदाब पुरवठ्यात सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. दुपारी २४० आणि रात्री आठला २२० असेल तर त्या वेळी डीपीवरचा (परिसराच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार वाढलेला असतो.

रोज रात्री १८०-१९० येत असेल तर दोष कुणाकडे आहे ते आधी ठरवा. घरातलं सगळं बंद करून मेन स्विचवर येणारं व्होल्टेज मोजा. तिथेच कमी असेल तर खांबापासून डीपीपर्यंतचा प्रश्न आहे. १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वेळेसह आकडे सांगा. मेनवर २२८ आणि स्वयंपाकघरातल्या प्लगवर २०५ असेल, तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये आहे (प्रश्न ७).

२. मल्टिमीटर नवीन आहे. रीडिंग चुकतंय असं वाटतं, माझं काय चुकत असेल?

बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक कारण निघतं. डायल डीसीवर राहिला तर घरची लाइन शून्याजवळ दिसते. ऑटो रेंजच्या मल्टिमीटरवर '१८०' दिसतं, पण शेजारी बारीक अक्षरांत मिलिव्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ०.१८ व्होल्ट. बॅटरी उतरली की आकडे भलतेच चढतात. त्यामुळे पडद्यावर बॅटरीचं चिन्ह आलं असेल तर तो आकडा धरूच नका.

एक चूक मात्र धोक्याची आहे. अँपिअर मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहतो आणि तसाच प्लगमध्ये घातला जातो. त्या भोकातून मल्टिमीटर म्हणजे साधी तार, थेट शॉर्ट होतो आणि हातात स्फोट होऊ शकतो. मोजण्याआधी काळा 'कॉम'मध्ये आणि लाल व्होल्टच्या भोकात आहे हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा. घरच्या बोर्डासाठी 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' असं छापलेला मल्टिमीटर घ्या.

३. टेस्टर पेटला म्हणजे लाइन आली, असं धरायचं का?

टेस्टर 'कदाचित आहे' एवढंच सांगतो. आतला निऑन दिवा साठ ते नव्वद व्होल्टच्या आसपास पेटतो, म्हणून ९० असो वा २३०, आपल्याला फक्त लाल ठिपका दिसतो. उलट कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभं राहिलात, तर चालू फेजवरही तो जेमतेम पेटतो. भर उजेडात तो दिसतच नाही. फेज कुठली हे चटकन ओळखायला टेस्टर चांगला, पण न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग आहे का, लोड चालेल का, हे त्याला कळत नाही.

वायरला न टेकवता 'बीप' करणारी पेनं याहून भोळी असतात. शेजारच्या वायरमुळेही ती वाजतात आणि लोखंडी पाइपातली चालू वायर त्यांना कळत नाही.

४. स्विच बंद आहे, वायर कुठेही जोडलेली नाही, तरी मल्टिमीटर ९० व्होल्ट दाखवतो. कुठून येतं हे?

शेजारच्या वायरमधून. एकाच पाइपात चालू फेज आणि मोकळी वायर दहा-पंधरा मीटर शेजारी-शेजारी गेल्या की त्यांचं कपॅसिटर बनतं. त्यातून येणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो. पण डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम, त्यामुळे एवढ्याशा करंटवरही तो ६०, ९०, १२० असे आकडे दाखवतो. दिवा लावला की हे व्होल्टेज क्षणात शून्य होतं.

ते खोटं आहे असं गृहीत मात्र धरू नका. ओल धरलेल्या जॉइंटमधून गळणारा खरा फेजसुद्धा मल्टिमीटरवर अगदी असाच दिसतो. फरक फक्त लोड लावल्यावर कळतो, म्हणून पुढचा प्रश्न वाचाच.

५. टेस्ट लॅम्प कसा बनवायचा आणि कसा वापरायचा?

पेंडंट होल्डर, दोन फूट चांगली इन्सुलेटेड वायर, टोकांना प्रोब आणि साधा तारेचा बल्ब. १५ वॉटचाही चालेल, ४० किंवा ६० वॉटचा उत्तम. एलईडी बल्ब लावू नका. तो अगदी थोड्या करंटवर मिणमिणतो आणि पुन्हा प्रश्न चारमध्येच आणून सोडतो. बल्बवर जाळी किंवा आवरण हवं.

आता मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही एकाच दोन टोकांना लावा. बल्ब पूर्ण पेटला आणि आकडा २२० च्या पुढे राहिला तर लाइन खरी. बल्ब पेटलाच नाही आणि ९० चं २ झालं तर ते शेजारच्या वायरचं भूत होतं. बल्ब मिणमिणला आणि आकडा १४० वर अडकला तर वाटेत खराब जॉइंट आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या घरात फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावला की आरसीसीबी पडणारच, कारण ६० वॉटचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो आणि आरसीसीबी ३० वर पडतो. हा दोष नव्हे. दुसरं, थ्री फेज घरात दोन फेजमध्ये एकटा बल्ब लावू नका, ४०० व्होल्टला तो फुटतो. दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये लावा.

६. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि काहीच चालत नाही. डबल फेज आलाय का?

सिंगल फेज घरात याचं कारण जवळजवळ नेहमी तुटलेला न्यूट्रल असतं. वायरमन याला 'रिटर्न येतोय' म्हणतात आणि शब्द बरोबर आहे. फेज एखाद्या चालू राहिलेल्या बल्बमधून किंवा फ्रिजमधून जाऊन न्यूट्रलच्या वायरीत येतो. पुढे वाट नसल्यामुळे तिथेच थांबतो. मल्टिमीटरवर हे चित्र ठळक दिसतं: फेज-न्यूट्रल शून्याजवळ, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थही जवळपास २३०.

खात्री करायला सगळी बटणं बंद करा आणि फ्रिज, टीव्ही, राउटरच्या पिना काढा. न्यूट्रलमधला टेस्टर विझला तर न्यूट्रलच तुटलाय. विझला नाही तर मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्पने बघा. फेज आणि न्यूट्रल कुठेतरी एकमेकांना चिकटलेले असू शकतात.

न्यूट्रल कुठे तुटला ते शोधताना एका खोलीतच त्रास आहे की सगळ्या घरात, ते बघा. सगळ्या घरात असेल तर मेन स्विच किंवा डीबीतली (एमसीबी म्हणजे जास्त करंटवर पडणारे स्विच बसवलेल्या पेटीतली) न्यूट्रल लिंक. लिंक म्हणजे ती पितळी पट्टी, जिच्यात एकेका स्क्रूखाली एकेक न्यूट्रल दाबलेला असतो. मेन बंद करून प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढून बघा. जळलेल्या वायरीचं इन्सुलेशन स्क्रूपाशी तपकिरी आणि कडक होतं, तांबं काळवंडतं, ओढल्यावर वायर सहज बाहेर येते. जुन्या अॅल्युमिनियम वायरिंगमध्ये हे फार होतं, कारण अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं आणि पकड सैल होते. जळलेला भाग कापून, ताजी तार सोलून पुन्हा घट्ट करा. स्क्रूच जळला असेल तर पट्टी बदला.

एका खोलीतच त्रास असेल तर त्या खोलीच्या आधीचा शेवटचा चालू बोर्ड उघडा. न्यूट्रल बोर्डाबोर्डातून पुढे जातो, आणि दोष त्या शेवटच्या चालू बोर्डात किंवा पहिल्या बंद बोर्डात असतो.

डीबीपर्यंत सगळं ठीक असूनही घरभर न्यूट्रल नसेल, तर मीटरच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला तुटलाय. १९१२.

७. लोड नसताना २३२ दिसतं, गिझर लावला की २०० वर येतं. वायर बारीक आहे का?

आधी हिशेब करा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, अडीचचा ७.४, चारचा ४.६. गिझर २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर. डीबीपासून बाथरूम २० मीटर धरलं तर जाऊन-येऊन ४० मीटर वायर होते. दीडच्या वायरीत रोध ०.४८ ओहम, म्हणजे सुमारे ४ व्होल्टची घट. गिझरला दीडची वायर देऊच नये, पण बारीक वायरही ३२ व्होल्ट खात नाही. तेवढी घट म्हणजे सैल जॉइंट, किंवा मेनवरच व्होल्टेज पडतंय.

गिझर चालू ठेवून मेनवर, एमसीबीच्या बाहेरच्या टोकाला आणि गिझरच्या सॉकेटवर अशा क्रमाने मोजा. जिथे आकडा एकदम खाली उतरतो, दोष त्याच टप्प्यात. १ ओहमचा सैल जॉइंट ९ अँपिअरला ८० वॉटची उष्णता ओकतो, आणि तीही प्लॅस्टिकच्या बोर्डात. बोर्डाला हात लावून गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर मोजत बसू नका, एमसीबी पाडा.

८. न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्टेज चालतं?

सगळं बंद असताना एखाद-दोन व्होल्ट, लोडवर तीन-चार. याच आकड्यातून घट फेजमध्ये होतेय की न्यूट्रलमध्ये, हे कळतं. फेज-अर्थमधून न्यूट्रल-अर्थ वजा केलं की फेज-न्यूट्रल मिळायला हवं.

उदाहरणार्थ, लोडशिवाय फेज-न्यूट्रल २३२. गिझर लावल्यावर फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ ४, फेज-न्यूट्रल २२४. दोन्ही वायरींत चार-चार व्होल्टची घट, वायरिंग निरोगी. त्याऐवजी फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ २२ आणि फेज-न्यूट्रल २०६ आलं तर फेजची वाट ठीक आहे आणि न्यूट्रलमध्ये सैल जॉइंट आहे. उघडायचे बोर्ड निम्मे झाले.

लोडवरही पक्का शून्य आला तर आनंद मानू नका. कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ घरात जोडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ६० ते १२० च्या दरम्यान काहीतरी दिसलं तर अर्थ बहुधा कुठेच पोचलेला नाही (प्रश्न ४ आणि १०).

फेज-अर्थ २३० आलं म्हणजे अर्थिंग चांगलं, असंही नाही. मल्टिमीटरला एक गंजलेली तार पुरते. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडला तर फक्त आरसीसीबी चालतो एवढंच कळतं. अर्थिंग तुटलेलं असतानाही ते बटण काम करतं.

९. न्यूट्रल जळाला होता. वायरमनने तात्पुरता अर्थिंगला जोडून दिला, सगळं चालतंय. राहू द्यायचं का?

नाही. आज, आत्ता काढून घ्या. ही सोय घरातल्या माणसांच्या जिवावर चालते.

आता घराचा सगळा करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जातोय. समजा अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि घराचा करंट ८ अँपिअर. तर अर्थच्या वायरीवर ४० व्होल्ट आले, म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांच्या पत्र्यावरही तेच आले. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून रोध वाढला की हा आकडा वर चढतो. आणि अर्थची तार तुटली तर प्रश्न सहामधला तो रिटर्न थेट गिझरच्या पत्र्यावर आणि नळाच्या पाण्यात येतो. आरसीसीबी असला तर तो या जोडणीत टिकत नाही, म्हणून अशा घरांत बऱ्याचदा तोही बायपास केलेला सापडतो. दोन्ही एकदम दुरुस्त करा.

१०. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, मोजलं तर ११५ व्होल्ट. बिघडलाय का?

११५ म्हणजे २३० चा बरोबर अर्धा, आणि कारणही त्यातच आहे. पॉवर सप्लायमध्ये फेजकडून पत्र्याला एक आणि न्यूट्रलकडून पत्र्याला एक असे दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं तर तो करंट जमिनीत जातो, नसलं तर पत्रा मध्यावर तरंगतो. एका यंत्राचा करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असतो, पण एका एक्स्टेंशन बोर्डावर पाच-सहा यंत्रं असली की बेरीज होते आणि चटका जाणवतो. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थ खरोखर आलाय का ते तपासा.

फ्रिज किंवा गिझरच्या पत्र्यावर व्होल्टेज आलं तर या उत्तरावर विसंबू नका. गिझरच्या कॉइलची गळती जीव घेते. पिन काढा आणि तपासून घ्या.

११. पावसाळ्यात भिंतीला करंट लागतो. टेस्टर भिंतीवरच पेटतो.

कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न हमखास येतो. भिंतीत गाडलेला, काळी टेप गुंडाळलेला जॉइंट किंवा खिळ्याने टोचलेली वायर हे नेहमीचं मूळ. उन्हाळ्यात भिंत कोरडी असते म्हणून लक्षात येत नाही. पाणी मुरलं की प्लास्टरच वायर होतं.

भिंतीवर ज्या जागी व्होल्टेज दिसतं तिथे कुणालाही जाऊ देऊ नका. एकेक एमसीबी पाडा आणि कोणता पाडल्यावर भिंत शांत होते ते बघा. ती लाइन बंदच ठेवा. मग मेन बंद करून, त्या लाइनची फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीतून सोडवून, सगळ्या पिना काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) वायर आणि अर्थमधला रोध मोजून घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती लाइन पुन्हा जोडायची नाही. वरून सुकल्यासारखी वाटणारी भिंत आत ओलीच असते, तेव्हा 'ऊन पडलं, आता ठीक आहे' म्हणू नका. गाडलेला जॉइंट काढून अखंड वायर ओढणं हाच इलाज.

१२. मिक्सर लावला की एका खोलीतले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या खोलीतले जास्त उजळतात. हे कसं?

हे वाचताना घरात असं होत असेल तर आधी मेन बंद करा, मग पुढे वाचा.

दिवे मंद होणं साधं असू शकतं, पण उजळणं साधं नसतं. थ्री फेज जोडणीचा न्यूट्रल सैल झाला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं ४०० व्होल्टमध्ये एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. एका फेजवर १००० वॉट आणि दुसऱ्यावर २०० वॉट असेल, तर मोठ्या लोडवर सुमारे ६७ आणि छोट्यावर ३३३ व्होल्ट येतात. म्हणून इस्त्री वाचते आणि टीव्ही, राउटर, एलईडी दिवे जळतात. एमसीबी जास्त करंटवर पडतो, जास्त व्होल्टेजवर नाही, त्यामुळे तो शांत बसतो.

सिंगल फेज घरातही व्होल्टेज असं चढू-उतरू शकतं, पण सगळ्या घराचं एकदम; तेव्हा तुटलेला न्यूट्रल खांबावर किंवा डीपीत असतो आणि तुमच्यासोबत शेजाऱ्यांचंही जळतं. १९१२ वर कळवा आणि शेजाऱ्यांना मेन बंद करायला सांगा. दुरुस्तीनंतर मेनवर तिन्ही फेज-न्यूट्रल मोजल्याशिवाय उपकरणं जोडू नका. व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर डीबीत बसवून घेणं इथे उपयोगाचं आहे.

१३. पंख्याचा रेग्युलेटर १ वर ठेवला तरी पुढे २३० व्होल्ट येतात. रेग्युलेटर गेला का?

पंखा काढून मोजलं असेल तर नाही. लोडशिवाय इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळ्याच पायऱ्यांवर जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंखा जोडून मोजा.

१४. बटण बंद असूनही एलईडी बल्ब रात्री मिणमिणतो.

तीन कारणं. बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलंय, बटणात छोटा इंडिकेटर दिवा आहे, किंवा जिन्यातल्या टू-वे वायरिंगसारखी लांब वायर फेजच्या शेजारून जाते. पहिलं आधी तपासा. बटण बंद करून होल्डरमध्ये टेस्टर ठळक पेटला तर बटण न्यूट्रलमध्ये आहे आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. दुरुस्ती आवश्यक. उरलेल्या दोन कारणांत बल्बच्या समांतर ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा 'एक्स टू' प्रकारचा कपॅसिटर लावला की मिणमिणणं थांबतं.

१५. इन्व्हर्टरवर १८० दिसतं, तरी पंखे नीट चालतात.

साधा मल्टिमीटर सरासरी मोजतो आणि साइन वेव्ह गृहीत धरून १.११ ने गुणतो. पायऱ्यांच्या लहरीच्या इन्व्हर्टरवर खरे २३० असले तरी तो १८० दाखवू शकतो, आणि पूर्ण चौकोनी लहरीवर २५५. 'ट्रू आरएमएस' लिहिलेल्या मल्टिमीटरने मोजलं की खरा आकडा कळतो.

१६. एमसीबी पाडून काम करत होतो, फेज बंद होता, तरी न्यूट्रल सोडवताना ठिणगी पडली.

दोन लाइनींना एकच न्यूट्रल दिलेला आहे. एका खोलीला फेज एका एमसीबीतून आणि न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून उसना घेतला की असं होतं. तुम्ही एक एमसीबी पाडला, पण दुसऱ्या लाइनीचा करंट त्याच न्यूट्रलमधून परत जात होता. वायर सोडवताच मोकळ्या टोकावर पूर्ण फेज आला. ते टोक हातात असतं तर शॉक तुम्हाला बसला असता. म्हणून न्यूट्रल सोडवायचा असेल तर एमसीबी पुरत नाही, मेन स्विचच बंद करा. दोन लाइनींना वेगळे आरसीसीबी असतील तर उसना न्यूट्रल असलेला आरसीसीबी लोड लावताच पडतो, आणि तो बदलूनही पुन्हा पडतो, कारण दोष वायरिंगमध्ये असतो.

१७. हॉलमधल्या दोन शेजारच्या सॉकेटच्या फेजमध्ये ४०० व्होल्ट कसे?

थ्री फेज घरात दोन बोर्ड वेगळ्या फेजवर असतील तर एवढंच यायला हवं. आपापल्या न्यूट्रलशी दोन्ही २३०. फक्त एकाच बोर्डात दोन फेज आणले असतील तर ते वेगळे करून घ्या, कारण बोर्ड उघडणाऱ्याला तिथे ४०० असल्याचं कळणार नाही.